भोंग्याच्या गावातली उमेदवारी

कॉलेजच्या पोरांनी कारखान्यात जाऊन काम शिकावं ही कल्पना नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आली, असं हल्ली पुष्कळ जण मानतात. क्रेडिट, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), इंटर्नशिप ही नावं नवी आहेत हे कबूल. पण आमच्या वरणगाव-भुसावळच्या पट्ट्यात ही चाल जवळजवळ रेल्वेइतकी जुनी आहे. तिचा विसर पडल्यामुळे प्रत्येक नवी योजना कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि आधी जे नीट चाललं होतं तेही पुसून टाकते. मी स्वतः याच वाटेने वर आलो. पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना त्याच वाटेवर पोरं पाठवली. म्हणून हा इतिहास सांगायला बसलो आहे.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि पुढच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ खानदेशात आले. भुसावळला फाटा फुटला. एक मार्ग खंडव्यावरून जबलपूरकडे गेला, दुसरा वरणगाव, बोदवड, मलकापूर करत नागपूरला. १८६७ मध्ये नागपूर जोडलं गेलं, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता सलग झालं. भुसावळला इंजिनं बदलायची, पाणी-कोळसा भरायचा, दुरुस्ती करायची, सगळी सोय उभी राहिली. प्रश्न माणसांचा होता. फिटर, बॉयलरवाला, मोल्डर आणायचा कुठून? खानदेशात कापूस होता, ज्वारी होती, बलुत्यावरचे सुतार-लोहार होते. वाफेचं इंजिन त्यांनी कधी उघडून पाहिलेलं नव्हतं. तयार माणूस मिळेना म्हणून रेल्वेला तो घडवावा लागला.

माझे आजोबा त्या घडवणुकीतले. लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून चिकटले ते इंजिनाची काजळी आणि तेलाची राप पुसायला. शिडी ठरलेली होती: क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. पायरी चढायला वर्षं लागत, आणि प्रत्येक पायरीवर वरचा माणूस खालच्याला शिकवी, कारण फायरमन कच्चा निघाला तर वाफ पडणार आणि गाडी लेट झाल्याचा जबाब ड्रायव्हरला द्यावा लागणार. या शेवटच्या वाक्यात मला सगळं मर्म दिसतं. शिकाऊ पोरगं चुकलं तर शिकवणाऱ्याला झळ बसत होती. आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी बॉयलरच्या आवाजावरून पाणी किती खाली गेलंय ते सांगत, असं वडील सांगायचे.

पुस्तकी शिक्षण आणि शॉप यांची मोट कॉलेजांनीही बांधायला घेतली. पुण्यात १८५४ साली जी संस्था निघाली, म्हणजे आजचं सीओईपी, तिच्या पहिल्या नावातच इंजिनिअरिंग क्लासबरोबर मेकॅनिकल स्कूल होतं. विलायतेत सुंदरलँडच्या टेक्निकल कॉलेजने १९०३ मध्ये काही महिने वर्ग, काही महिने कारखाना अशी पाळी लावली. अमेरिकेत सिनसिनाटीला हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने १९०६ मध्ये तेच केलं. वर्गात जे शिकवता येत नाही ते कामावरच शिकता येतं, अशी त्याची धारणा होती. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या प्रॉडक्शन शाखेत ‘सँडविच’ नावाचा अभ्यासक्रम पुष्कळ वर्षं चालला. मधली दोन सत्रं मुलगा थेट कंपनीत असे. त्या शाखेची पोरं कारखान्यात शिरल्यावर बावचळत नसत, हे मी अनेक सुपरवायझरांच्या तोंडून ऐकलं आहे.

आमच्या भागाचं नशीब असं, की स्वातंत्र्यानंतर शिकवणारी दारं एकापाठोपाठ उघडली. १९४९ मध्ये भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टरी आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशात दारूगोळ्याचे नवे कारखाने उभारायचं ठरलं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. त्या लाटेत १९६४ मध्ये वरणगावला फॅक्टरी मिळाली, बंदुकीची काडतुसं करणारी. १९६८ मध्ये वरणगाव आणि भुसावळच्या मधे, दीपनगरला, औष्णिक वीज केंद्राचा ६२.५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. रेल्वे होतीच. म्हणजे वरणगावच्या पोराला सायकलवर टांग टाकली की गाठता येतील अशा अंतरावर चार मोठे कारखाने. तापीकाठचं हे शेतकऱ्यांचं गाव भोंग्यावर घड्याळ लावू लागलं. शेतकरी बाप ‘पोरगं फॅक्टरीत लागलं’ हे ज्या आवाजात सांगे, त्या आवाजात त्याने कधी कपाशीचा भाव सांगितला नव्हता.

यात कायद्याचा हात मोठा होता. १९६१ च्या डिसेंबरात संसदेने शिकाऊ उमेदवारी कायदा केला, पुढच्या वर्षी तो लागू झाला. त्याने मोठ्या कारखान्यांना ठरावीक प्रमाणात अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं, करार नोंदवायला लावला, विद्यावेतन ठरवलं, आणि शेवटी देशभर एकच परीक्षा ठेवली. आधी मूलभूत प्रशिक्षण, मग शॉपमधलं काम, त्याच्या जोडीला थोडं वर्गातलं ज्ञान, अशी त्याची मांडणी होती. आयटीआयच्या आवारात ‘मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र’ अशी लांबलचक पाटी अजून दिसते ती यातूनच आली. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकावाले इंजिनिअरही कायद्याच्या कक्षेत आले. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात तर उमेदवारी वाढवणं हे एक स्वतंत्र कलमच होतं. आणीबाणीबद्दल माझं मत कडू आहे, तरीही त्या कलमामुळे आमच्या भागातल्या गरीब घरच्या किती पोरांच्या हाती कानस आली हे मी नाकारू शकत नाही.

मी १९७९ मध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन वर्षभराच्या उमेदवारीला वरणगावच्या फॅक्टरीत शिरलो. गेटवर झडती व्हायची, काडीपेटी-बिडी बाहेर. टोकन उचलायचं, शॉपला जायचं. माझा उस्ताद खडकीहून बदलून आलेला, बोलायला तुटक, हाताला विलक्षण हलका. पहिला आठवडा त्याने मला मशीनला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी विचारायचा, “काय पाह्यलं रे भाऊ आज?” आणि मी जे सांगेन त्यातलं अर्धं खोडून काढायचा.

काडतुसाचं कवच पितळेचं असतं, सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. पट्टीतून आधी चकती कापून तिचा पेला करतात. मग तो पेला प्रेसवर डायमधून ओढायचा. भिंत पातळ होते, उंची वाढते. पण ओढलं की पितळ ताठर होतं. तसंच पुढच्या डायला दिलं तर फाटतं. म्हणून दोन ओढींच्या मधे ते भट्टीत तापवून मऊ करायचं, ॲसिडात धुऊन स्वच्छ करायचं, मग पुन्हा ओढायचं. मी हे ‘वर्क हार्डनिंग’ आणि ‘ॲनीलिंग’ म्हणून पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत आलेख काढून गुणही मिळवले होते. उस्तादाने दोन पेले माझ्या हातात दिले, एक भट्टीआधीचा, एक नंतरचा, आणि पकडीत दाबायला सांगितलं. पहिला हट्टाने उभा राहिला, दुसरा मुकाट दबला. तो म्हणाला, “ज्वारीचं पीठ गरम पाण्यात नीट मळलं नाही तर भाकरीची कड चिरते. तुझ्या पुस्तकात भाकरी आहे का?” नव्हती. त्या दिवसानंतर धातूच्या आतल्या ताणाविषयी मला कोणाकडून काही वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

त्याच्याकडूनच मी ऐकलं की ब्रिटिश फौजेच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेजवळ साठवली जात आणि ती आपोआप तडकत. पुढे वाचनात आलं तेव्हा ते खरं निघालं. घोड्याच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि कवच घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की भेग पडायची. १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या धातुशास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. कवच हलकं तापवून तो ताण काढून टाकायचा, हा त्यावरचा इलाज. इथल्या पागांमधून निघालेला प्रश्न जगभरच्या धातुशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला, आणि मला तो वरणगावच्या एका शॉपमध्ये, नववी नापास माणसाकडून कळला.

मग गेजवर बसवलं. ‘गो’ आत गेला पाहिजे, ‘नो गो’ अडला पाहिजे. काम वरवर सोपं, पण हजारो नगांमधून एक चुकार नग निसटला तर तो कुठल्यातरी जवानाच्या रायफलीत अडकणार, नेमका नको त्या वेळी. असं कोणी भाषण देऊन सांगितलं नाही. शिफ्ट संपताना आमच्या चार्जमनने एकदा सगळा ट्रे परत ओतायला लावला, कारण मधे गेज पुसून घेतला नव्हता. ट्रे माझा होता, पण चार्जमनपुढे उभा राहिला उस्ताद. त्याने माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाला, “तुझ्यावर सही माझी आहे.” अप्रेंटिसच्या डायरीवर रोज सही करावी लागे. आज कोणता जॉब केला, कोणतं हत्यार वापरलं, काय अडलं, ते लिहायचं. ती डायरी मी जपून ठेवली आहे. पुढे शिकवताना माझ्या नोट्सपेक्षा ती जास्त उपयोगी पडली.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसतं गोड स्मरणरंजन होईल. कायद्यात पहिल्यापासून एक कलम होतं: उमेदवारी संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. सुरुवातीच्या वर्षांत कोणाला ते आठवायचीही गरज पडली नाही, कारण कारखाने वाढत होते. पुढे भरती आटली आणि वरणगावात एक नवी जात तयार झाली, ‘एक्स-अप्रेंटिस’. हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र, अंगात कसब, आणि वर्षानुवर्षं जाहिरातीची वाट. घरात वयात आलेली बहीण, लग्नाचा विचार करणारा बाप, आणि दर महिन्याला ‘यंदा निघेल भरती’. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या एसटीच्या खटल्यात एवढं म्हटलं, की बाकी गोष्टी सारख्या असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीच्या माणसाआधी पसंती द्यावी. रेल्वेने पुढे खालच्या पातळीच्या भरतीत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखल्या. भुसावळ विभागातली पोरं अजूनही दहावी आणि आयटीआयच्या गुणांची बेरीज बोटांवर करत उमेदवारीच्या निवडयादीकडे डोळे लावून असतात.

२०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, भुसावळ यंत्र इंडियाकडे. आता म्युनिशन्स इंडियाचे कारखाने जुन्या अप्रेंटिसांना बोलावतात खरे, रसायन संयंत्राच्या ट्रेडमध्ये तयार झालेल्यांना धोक्याच्या इमारतीतल्या कामासाठी, पण मुदतीच्या करारावर. आजोबांच्या शिडीला वरची पायरी होती. आजच्या पोराला शिडी मिळते ती भाड्याने. उमेदवारीचं मोल सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

तरीही उमेदवारी वाया गेली असं मला म्हणवत नाही. ज्यांना सरकारी नोकरी लागली नाही त्यांपैकी कितीतरी जण जळगावच्या एमआयडीसीत गेले. तिथे पीव्हीसी पाइप, ठिबकचं सामान, प्लास्टिकच्या चटया, डाळमिल अशी गर्दी. चटईच्या कारखान्यातला एक्स्ट्रूडर बिघडला की मालक आधी ‘फॅक्टरीवाला पोरगा’ शोधे. काहींनी हायवेला लेथ टाकली. एकाने पुण्यात, चाकणला, डाय बनवायचं वर्कशॉप काढलं. या सगळ्यांच्या हाताला मोजमापाची शिस्त लागलेली होती, आणि ती कुठल्या कॉलेजने दिलेली नव्हती.

मी शिकवायला लागलो तेव्हा वाटलं, आता कॉलेजातूनच हे करू. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाने डिप्लोमात आधी सहा आठवड्यांचं औद्योगिक प्रशिक्षण घातलं, नव्या अभ्यासक्रमात ते बारा आठवडे झालं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीसाठी इंटर्नशिप सक्तीची केली. राज्यात एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ओजेटीचे चार क्रेडिट आले. पदवी-पदविकावाल्यांच्या वर्षभराच्या उमेदवारीला २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन दिलं, पदवीधराला ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये, त्यातला निम्मा भार केंद्राचा. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. कागदावर एवढी दारं माझ्या पिढीला कधीच उघडी नव्हती.

पण जागा कुठे आहेत? ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेवरच उमेदवार घेण्याचं बंधन आहे. आमच्याकडच्या कितीतरी डाळमिल आणि चटईवाले त्या आकड्याखालीच राहतात. मग कॉलेज पोरांना म्हणतं, तुमचं तुम्ही शोधा. पोरगं काकाच्या ओळखीने कुठेतरी जातं. एका ठिकाणी आमची मुलं सकाळी सही करून चहा पिऊन परत येत होती. त्यांना मशीनजवळ जाऊ देत नव्हते, नुकसान झालं तर कोण भरणार म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी पैसे भरून शिक्क्यासकट सर्टिफिकेट मिळे, आत पाऊलही न टाकता. अहवाल इंटरनेटवरून उतरवलेले, तीन मुलांच्या तीन वेगळ्या कंपन्यांचे, आणि तिन्हींत एकच परिच्छेद. मला राग पोरांचा आला नाही. त्यांच्या डायरीवर सही करायला कोणी उस्तादच नव्हता.

मुलींचा प्रश्न तर आणखी बिकट. माझ्या वेळी आमच्या तुकडीत एकही मुलगी नव्हती. आता वरणगावच्या, फेकरीच्या मुली डिप्लोमाला मुलांच्या बरोबरीने आहेत आणि हाताने अनेकदा सरस. पण छोट्या कारखान्यात त्यांच्यासाठी धड स्वच्छतागृह नसतं, दुसरी पाळी सुटल्यावर एसटी नसते, आणि घरचे म्हणतात, राहू दे, सर्टिफिकेट आणून दे म्हणजे झालं. बारा आठवड्यांचं प्रशिक्षण अभ्यासक्रमात लिहिणाऱ्यांनी त्या एसटीच्या वेळापत्रकाचाही विचार करायला हवा होता. ज्या एका मालकाने दोन मुलींना फक्त पहिल्या पाळीत, थेट टूल रूममध्ये घेतलं, त्याने वर्षभराने मला फोन करून आणखी मुली मागितल्या.

दीडशे वर्षांच्या या चालीकडे पाहून माझं मत पक्कं झालं आहे. प्रशिक्षण किती आठवड्यांचं, त्याला क्रेडिट किती, यावर फार थोडं अवलंबून असतं. पोराला खरं काम दिलं जातं का, त्याच्या चुकीची झळ शिकवणाऱ्याला बसते का, आणि शेवटी कोणी तिऱ्हाईत त्याची परीक्षा घेतो का, यावर सगळं आहे. लोको शेडमध्ये यातल्या पहिल्या दोन गोष्टी होत्या. १९६१ च्या कायद्याने तिसरीही आणली. आजच्या इंटर्नशिपमध्ये बहुतेक वेळा तिन्ही नाहीत, आणि म्हणून ती पोकळ वाटते. दोष इंटर्नशिपच्या कल्पनेत नाही.

जिल्ह्यातल्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वरणगाव, दीपनगर, भुसावळ इथे निवृत्त चार्जमन, फोरमन, मशिनिस्ट, लोको फिटर गल्लोगल्ली आहेत. सकाळी मारुतीच्या पारावर पेपर वाचत बसतात, आणि त्यांच्या हातातलं कसब त्यांच्याबरोबरच जाणार आहे. त्यांना कारखान्यांत पोरांचे पालक म्हणून पाठवा. मालकाला एक जाणता माणूस फुकट मिळेल, म्हणजे तो मशीन उघडू देईल. पोरांच्या डायरीवर रोज सही होईल. पदवीची अडचण सांगू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’साठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत पंधरा वर्षांचा अनुभव मागितला आहे, पदवीची अट ठेवलेली नाही, आणि मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशी माणसं घेता येतात. यंदाची उन्हाळी सत्रं सुरू होण्याआधी प्रत्येक कॉलेजने निदान एकाला तरी बोलवावं.